फ्रिजमधे पाणी, आणि ३,२०० रुपये पाण्यात

मे महिन्यातली गोष्ट. आमचा फ्रिज डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, सात वर्षं जुना. रोज सकाळी भाजीच्या ड्रॉवरमधे वाटीभर पाणी, कागदात गुंडाळलेल्या कोथिंबिरीचा पार लगदा. आधी वाटलं कुणीतरी बाटली आडवी ठेवतंय, पोरांना उगाच ओरडले पण. मग फ्रीजरच्या तळाला बर्फाची लादीच दिसली, मटारचं पाकीट तिला असं चिकटलेलं की ओढताना फाटलं.

नेटवर कंपनीचं नाव टाकून सर्विस सेंटर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला, तिथेच फसले. वॉरंटी कार्डवरचा नंबर बघायचं सुचलंच नाही. दोन तासात माणूस हजर, गळ्यात आयकार्ड वगैरे. मागे हात लावला न लावला आणि म्हणाला मॅडम गॅस संपलाय, आत्ता भरला नाही तर कॉम्प्रेसर पण जाईल. वीस मिनिटं मागे काहीतरी खुडबुड केली, ३,२०० घेतले, नुसता कागदावर खरडलेला हिशोब दिला आणि जाताना म्हणे रात्रभर बंद ठेवा, दारं उघडी राहू द्या, गॅस सेट व्हायला पाहिजे.

गोम तिथेच होती. रात्रभरात बर्फ वितळला, बारा दिवस थेंब नाही, मी खुश होऊन शेजारच्या काकूंना पण नंबर दिला. तेराव्या दिवशी परत कोथिंबीर पोहतेय! फोन केला तर म्हणाला, "गॅसची वॉरंटी आहे मॅडम, पाण्याची नाही."

मग नाक्यावरच्या रिपेअरवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी फ्रीजरचं मागचं पॅनल खोलून दाखवलं, कॉइलच्या, म्हणजे आत गारवा करणाऱ्या नळ्यांच्या, खाली एक भोक, बर्फाने गच्च. कॉइलवर बर्फ धरतो तो आतला हीटर अधूनमधून वितळवतो, ते पाणी या भोकातून पाइपने मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमधे उतरतं आणि तिथल्या गरमीने उडून जातं. भोक बुजलं की पाणी वरच गोठतं आणि उरलेलं खाली भाजीवर ठिबकतं. काकांनी सिरिंजने कोमट पाणी सोडलं, पाइपच्या खालच्या रबरी तोंडातून काळा चिकट गाळ निघाला. हीटर चेक केला, चांगला होता. ३५० रुपये.

वर हसून म्हणाले, "ताई, गॅस गेला असता तर आइस्क्रीम दगडासारखं राहिलं असतं का?" गॅस बंद नळ्यांमधे फिरतो, कुठे लीक असल्याशिवाय कमी होतच नाही, आणि खरंच भरायचा तर आधी लीक शोधा, ते जोडा, व्हॅक्युम मारा म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढा, वीस मिनिटात कुठलं होतंय. मधे मी ती लादी सुरीने उचकटत होते हे सांगितल्यावर मात्र काका चिडले, नळीला टोक लागलं असतं तर गॅस खरंच गेला असता म्हणे.

ते गेल्यावर पहिलं काम म्हणजे काकूंकडे जाऊन तो नंबर डिलीट करायला लावला.