गरम झाली की बंद पडणारी गाडी आणि साडेआठशेचा स्कॅनर

वस्तू : ईएलएम 327 ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड मोबाईलवर दाखवणारं यंत्र, ऑनलाइन मागवलेलं. पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते खाली येईलच.

आमची पेट्रोल हॅचबॅक, 2014 चं मॉडेल. तिचा रोग असा, की तास-दीड तास चालून इंजिन नीट तापलं की चालता चालता गप्प. ना धक्का, ना आवाज. सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला ताटकळायचं, गार झाली की पहिल्याच सेल्फला चालू. एकदा तर ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना ऐन भेरूघाटात बसली. मागच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या मांडीवर प्रसादाची पिशवी आणि पाठीमागे हॉर्नवर हात ठेवून बसलेले ट्रकवाले.

गॅरेजमध्ये नेली की मात्र ठणठणीत. "दीदी, चला के देख ली, कुछ नहीं है." सर्व्हिस सेंटरपासून कोपऱ्यावरच्या मिस्त्रीपर्यंत सगळ्यांनी आपापले अंदाज लढवले. एकाने फ्युएल पंप बदलला, दुसऱ्याने प्लग आणि कॉइल, तिसऱ्याने पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणून टाकी धुतली. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि प्रत्येकजण जाताना बॅटरीचा टर्मिनल काढून "रीसेट" मारायचा. त्याने बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरने साठवलेली बिघाडाची नोंदच पुसली जाते, हे मला फार उशिरा कळलं.

भाच्याच्या सांगण्यावरून हा स्कॅनर घेतला. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा, मोबाईलवर टॉर्कसारखं अ‍ॅप टाकायचं, ब्लूटूथ जोडायचं. आमच्या गाडीने लगेच ओळख दाखवली.

पुढच्या वेळी देवास नाक्याजवळ बंद पडली तेव्हा मी पहिल्यांदा वैतागले नाही. अ‍ॅप उघडलं तर "पेंडिंग" (अजून पक्का न झालेला बिघाड) खाली कोड : पी0335, क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं सर्किट. बरेचसे कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लागतच नाही, आणि दिवा नाही म्हणजे बिघाड नाही असं मिस्त्री लोक धरून चालतात. हा सेन्सर कॉम्प्युटरला क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, कुठे आहे आणि किती वेगाने फिरतोय ते सांगतो. सिग्नल गेला की ठिणगी कधी द्यायची, पेट्रोल कधी सोडायचं हेच त्याला समजत नाही, मग इंजिन तिथल्या तिथे मान टाकतं. सेल्फ मारून पाहिला. इंजिन फिरताना कानाला ऐकू येतंय आणि मोबाईलवर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) शून्य. एरवी सेल्फ मारताना तिथे दोनशेच्या आसपास आकडा येतो. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

सेन्सर बदलला. थोडे दिवस सुखात गेले आणि ऊन वाढल्यावर ये रे माझ्या मागल्या. इथेच या यंत्राची खरी मर्यादा कळते. कोड "सर्किट" म्हणतो, "सेन्सर बदला" म्हणत नाही. सर्किटात वायर आली, प्लग आला.

शेवटी सरवटे बसस्टँडजवळच्या गल्लीत बसणाऱ्या एका ऑटो-इलेक्ट्रिशियनने निकाल लावला. बोलणं कमी, पण स्क्रीनशॉट दोनदा बघितला. गाडी तापवून चालू ठेवली, माझा मोबाईल एअर फिल्टरच्या डब्यावर उभा केला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वायरिंगचा जुडगा बोटभर बोटभर हलवत निघाला. सेन्सरच्या प्लगपासून वीतभर अंतरावर, जिथे वायर एक्झॉस्टच्या अंगाने वळते, तिथे आरपीएमचा आकडा धाडकन खाली आला आणि इंजिन ठसकलं. टेप सोलली. आतलं आवरण भाजून कडक झालेलं, तडकलेलं, तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या आणि दोन-तीन धाग्यांवर सगळा कारभार. नवा तुकडा डाग देऊन जोडला, वर स्लीव्ह घातली, वायर एक्झॉस्टपासून लांब बांधली. पैसे सेन्सरच्या किमतीच्याही खाली. मे महिन्याच्या उन्हात तोच घाट चढलो, एसी लावून.

आता कापलेला तारा. ब्लूटूथ मध्येच तुटतं, कधी नेमक्या वेळी. एअरबॅग आणि एबीएसचे (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कोड हा स्वस्तातला स्कॅनर आमच्या गाडीत वाचत नाही. अ‍ॅप सगळं इंग्रजीत, त्यामुळे आमच्या ह्यांनी एकदा पाहून मलाच परत दिलं. गाडी बंद असताना सॉकेटमध्ये विसरलात तर बॅटरी थोडी थोडी खातो, आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर काढूनच ठेवा. आणि "क्लिअर कोड"चं बटण मिस्त्रीला दाखवल्याशिवाय अजिबात दाबू नका.

घेताना दोन गोष्टी बघा. गाडी फार जुनी असेल तर आधी स्टिअरिंगखाली वाकून ते सॉकेट आहे का पाहा. आणि आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायवाला मागवा. माझ्या जावेने न विचारता मागवला आणि परत पाठवायला लागला.