ठाण्यातली थंडीची खरेदी: टोरोंटोच्या डिसेंबरात काय चालतं, काय नाही

नोव्हेंबर सरत आला की गोखले रोड आणि राम मारुती रोडवरच्या कपड्यांच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक दिसायला लागतं: लेकीकडे किंवा मुलाकडे टोरोंटोला महिना-दोन महिने राहायला निघालेले आई-बाबा. दुकानदार ओळखतोच. लगेच काउंटरवर ढीग लागतो. जाड थर्मल, ‘वुलन’ स्वेटर, माकडटोपी, हातमोजे, फुगीर जॅकेट. त्यातलं निम्मं तिथे कपाटातून बाहेर निघत नाही. कारण साधं आहे. बर्फाच्या गावातलं घर थंड नसतं, कोरडं असतं, आणि पाहुण्या आई-बाबांचा बहुतेक दिवस घरातच जातो. टोरोंटोत तर भाड्याचं घर थंडीत किमान 21 अंशांवर ठेवायचं, असा तिथल्या नगरपालिकेचा नियमच आहे. ठाण्यातली डिसेंबरची पहाट त्याहून गार असू शकते.

म्हणून थर्मल घ्या, पण पातळ. दुकानात दोन प्रकार असतात. एक कापूस भरून शिवल्यासारखा जाड, आत हवेचे कप्पे असलेला. दुसरा पातळ, अंगासरशी बसणारा. दुकानदार पहिला पुढे करतो, कारण हाताला ऊब लगेच जाणवते. त्या कपड्यात 21 अंशांच्या घरात तासाभरात घाम येतो, आणि मशीनमध्ये धुतला की आतलं भरण गोळा होत जातं. पातळ थर्मल घरात कुर्त्याखाली चालतं, बाहेर जाकिटाखालीही चालतं. लेबल बघा: शंभर टक्के सुती असेल तर तो घरातच घाला. बाहेर चालताना किंवा तापवलेल्या बसमध्ये घाम आला की सुती कापड तो धरून ठेवतं आणि पुन्हा बाहेर पडल्यावर पाठ गार पडते. मिश्र धाग्याचं लवकर वाळतं. वरचे तीन, खालचे दोन पुरतात. वयस्कर माणसासाठी पुढून बटणं असलेलं बघा. डोक्यावरून काढायचं म्हणजे खांदा दुखतो. साडी नेसणाऱ्यांना परकराऐवजी थर्मलची लेगिंग आणि वर साडी हे जमतं, फक्त बाहेर जाताना नाही. रस्त्यावरचा बर्फ आणि तो वितळावा म्हणून टाकलेलं मीठ मिसळून झालेला चिखल निऱ्या घोट्यापर्यंत भिजवतो.

थर्मल तिथल्या ड्रायरमध्ये टाकू नका, सुती असेल तर आटतं. खोलीत स्टँडवर टाका. हवा इतकी कोरडी असते की रात्री टाकलेले कपडे सकाळी कडकडीत वाळतात, आणि खोलीला थोडा दमटपणाही मिळतो.

स्वेटरच्या बाबतीत पाटीवर जाऊ नका, आतल्या शिवणीतली चिठ्ठी वाचा. ‘वुलन’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. ठाण्याच्या हवेत त्याने काही बिघडत नाही. कोरड्या घरात मात्र ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते: दाराच्या मुठीला हात लागला की चटका, स्वेटर काढताना केस उभे. शिवाय काखेत आणि मनगटाशी गोळे येतात. एकच स्वेटर न्या, पुढून उघडणारा, खऱ्या लोकरीचा. मॉलमध्ये शिरल्या शिरल्या तो काढावा लागतो, तेव्हा पुढून उघडण्याची किंमत कळते. घरात मात्र सगळ्यांत जास्त वापरली जाते ती शाल. त्यावर पैसे घाला.

जॅकेट इथे घेऊ नका. इथली फुगीर जाकिटं दिसायला तिथल्यासारखीच असतात. चेनच्या मागे वारा अडवणारी पट्टी, मनगटाशी घट्ट बंद होणारी बाही, कानांवर येणारी टोपी या तीन गोष्टी बघितल्या की फरक कळतो. उणे 10 अंशांत वारा शिवणींतून आत शिरतो. घरात जुनं एखादं जास्तीचं जाकीट असतंच, नसेल तर तिथल्या वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत चांगलं मिळतं. बुटांचंही तेच. आपल्याकडचे पावसाळी गमबूट तर अजिबात नकोत. ते पीव्हीसीचे असतात, थंडीत कडक होतात आणि बर्फावर घसरतात. जाळीदार स्पोर्ट्स शूज दहा मिनिटांत ओले. तिथे बूट घेताना लोकरी मोजा घालून माप द्या आणि बोटं हलतील एवढी जागा ठेवा. बूट आवळला की रक्ताभिसरण कमी होऊन पाय उलट जास्त गारठतो. याच कारणाने एकावर एक दोन सुती मोजे हा उपाय फसतो. बुटावर मिठाचे पांढरे डाग पडले तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने पुसायचे.

माकडटोपी मात्र घ्याच. हसतील ते हसू देत, कान, मान आणि हनुवटी एका दमात झाकणारी दुसरी वस्तू नाही. विणलेले हातमोजे नकोत. वारा आरपार जातो आणि बर्फाला हात लावला की ओले होतात.

आता कोरडेपणाचं. बाहेर उणे 10 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा घरात 21 अंशांपर्यंत तापली की आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. स्वयंपाक, आंघोळ आणि माणसांचे श्वास तिला थोडं वर आणतात एवढंच. त्यामुळे टाचा फाटतात, नाकात खपल्या धरतात, पोळ्या होईपर्यंत कणकेच्या गोळ्याला वरून साल येते. कणकेवर ओलं फडकं घट्ट पिळून टाका. विरजण ओट्यावर लागत नाही. ओव्हन बंद ठेवून आतला फक्त दिवा लावा आणि भांडं आत ठेवा, दुधात विरजण नेहमीपेक्षा थोडं जास्त घाला. इडलीच्या पिठालाही हाच उपाय, फक्त भांडं निम्मं रिकामं ठेवा, नाहीतर पीठ ओव्हनभर होतं.

या कोरडेपणासाठी ठाण्याहून नेण्यासारखी खरी वस्तू म्हणजे तेल. पण खोबरेल निमुळत्या तोंडाच्या बाटलीत नेऊ नका. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, म्हणजे तिथल्या घरात ते कायम घट्टच राहणार. रुंद तोंडाची बरणी घ्या, बोटाने काढता येतं. जांभळी नाक्यावरून तिळाचं तेल घेतलंत तर ते पातळच राहतं. कुठलंही घ्या, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत. तेल लावायची वेळ म्हणजे आंघोळीनंतर लगेच, अंग किंचित ओलं असताना. वाळल्यावर लावलं तर वरवर राहतं. पाणी फार कढत घेऊ नका, त्याने कातडी अजून कोरडी पडते. टाचांना रात्री पेट्रोलियम जेली आणि वर सुती मोजे. इथे मात्र सुतीच. घरात ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारं यंत्र, असेल तर आर्द्रता 30 टक्क्यांच्या फार वर नेऊ नका. खिडकीच्या काचेवर आतून पाणी सुटायला लागलं की जास्त झालं, पुढे चौकटीत बुरशी धरते.

शेक घेण्याची साधी रबरी पिशवी न्यायला हरकत नाही. दोन तृतीयांशच भरायची, उकळतं पाणी ओतायचं नाही, बूच लावण्याआधी पिशवी आडवी दाबून हवा काढायची आणि वर कापडी खोळ हवीच. घेताना वाकवून बघा. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर रबर जुनं झालंय. काही पिशव्यांवर फुलाच्या आकाराचा शिक्का असतो, मध्ये उत्पादनाचं वर्ष. दोन वर्षांपुढची वापरू नये. विजेवर तापणारी जेलची पिशवी मात्र इथेच राहू दे.

कारण तिथे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. तापणारी वस्तू तिथे चालते, पण जेमतेम पाव ताकदीवर. 1500 वॉटची आपली किटली तिथे 400 वॉटची होते, एक लिटर पाणी उकळायला चौदा मिनिटांच्या वर लागतात. पिन बदलणारा छोटा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे दुकानदार सांगत नाही. मोबाईलच्या चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं, तो चालतो. मिक्सरवर तसं नसतं. 750 वॉटच्या मिक्सरला तिथे चालवायचं तर व्होल्टेज वाढवणारा, 1500 वॉटचा तरी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्या लोखंडाच्या वजनात बॅगेतली चकली-चिवड्याची जागा जाते. चटणीसाठी मिक्सर हवाच असेल तर तिथल्या व्होल्टेजवर चालणारा भारतीय बनावटीचा तिथल्या देशी दुकानातून घ्या.