अभिरूप मुलाखतीचा वर्ग: व्याख्यान टाळा, चित्रफीत घ्या

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची गुणवत्ता यादी २०२५ गुणांवर ठरते आणि त्यांतील २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे, म्हणजे मुलाखतीचे, असतात. त्यामुळे मुख्य परीक्षेचा निकाल लागला की पुण्याच्या पेठांत अभिरूप, म्हणजे सरावाच्या, मुलाखतींचे वर्ग गजबजतात. देहबोलीवर विशेष भर देणाऱ्या अशाच एका वर्गाविषयी हे लिहीत आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही.

पहिले सत्र व्याख्यानाचे असते आणि ते बुडवले तरी फारसे बिघडत नाही. संवादात ५५ टक्के वाटा देहबोलीचा आणि शब्दांचा केवळ ७ टक्के, हे फळ्यावर मांडले जाणारे गणित अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले आहे. परंतु शब्द, स्वर आणि चेहरा यांचा मेळ बसत नसताना बोलणाऱ्याच्या भावना कशावरून ओळखल्या जातात, एवढ्यापुरतेच ते प्रयोग होते. सिंचनावरील प्रश्नाला हे गणित लावायचे, तर अभ्यासच कशाला करायचा? ऐटीत, ऐसपैस पवित्रा घेतल्याने संप्रेरके बदलतात, हा २०१० मधील दावाही येथे अजून शिकवला जातो. २०१५ मधील मोठ्या प्रयोगात तो टिकला नाही आणि मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये त्यावरचा आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले.

पैसे वसूल होतात ते चित्रफितीच्या सत्रात. मुलाखतीचे चित्रीकरण आधी आवाज बंद करून दाखवतात, आणि ही पद्धत उत्तम आहे. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९९३ मध्ये दाखवले होते, की शिक्षकांच्या अर्ध्या मिनिटाहूनही छोट्या, मूक चित्रफिती पाहून परक्या माणसांनी बांधलेले अंदाज विद्यार्थ्यांच्या सत्राअखेरच्या मतांशी बरेच जुळतात. मला माझ्या चित्रफितीत दिसले ते असे: प्रश्न सदस्य विचारतात, मी उत्तर मात्र अध्यक्षांकडे पाहून देतो, टेबलाखालच्या पायाची हालचाल खांद्यांत दिसते, आणि ‘माहीत नाही’ हे प्रामाणिक उत्तर देताना मान अशी खाली जाते, की काहीतरी लपवत असल्याचा समज व्हावा.

पुढची दुरुस्ती मात्र साचेबद्ध आहे. सगळ्यांची बोटे तशीच गुंफलेली, हसू तेवढेच. शेवटी आम्ही एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे दिसू लागलो.

पूर्ण शुल्क भरण्याऐवजी केवळ अभिरूप मुलाखत आणि चित्रफीत मागावी. तिच्या प्रतीचे पैसे वेगळे आहेत का, हे आधीच विचारून घ्यावे.