लाइपझिगचं शुमान हाउस, वेळ काढून जाच

जर्मनीतल्या लाइपझिगला गेलात तर इन्सेलस्ट्रासेवरचं शुमान हाउस अजिबात चुकवू नका. लग्नानंतर 1840 ते 1844 संगीतकार रॉबर्ट शुमान आणि त्याची पियानोवादक बायको क्लारा इथंच राहिले, पण त्याआधी काय काय झालं ते माहीत असेल तर हे घर बघताना खरंच गलबलून येतं. क्लाराच्या अठराव्या वाढदिवशी, 1837 मध्ये, रॉबर्टने तिच्या वडिलांना पत्र लिहून रीतसर मागणी घातली, वडील म्हणजे फ्रिडरिश वीक, त्याचेच पियानोचे गुरू, ते काही केल्या तयार होईनात आणि शेवटी दोघांना कोर्टात जावं लागलं. हा दारुडा आहे असंसुद्धा वीक तिथे म्हणाले! स्वतःच्या बापाविरुद्ध उभं राहताना त्या पोरीला काय वाटलं असेल हो. ऑगस्ट 1840 मध्ये कोर्टाने परवानगी दिली, 12 सप्टेंबरला लग्न, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. दुसऱ्याच दिवसापासून दोघांनी मिळून डायरी सुरू केली, आळीपाळीने लिहायची, त्यावरचं प्रदर्शन तर निवांत बघा. दिवाणखान्यात मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. तिथे मैफलीही होतात, तारखा आधी बघून जा.