शिडी की दार? आइस हॉकीतले पात्रतेचे दोन मार्ग

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ही शिडी आहे. वरच्या विभागात 16 संघ, आठ-आठचे दोन गट. प्रत्येक गटातला शेवटचा संघ खाली घसरतो आणि खालच्या विभागातले पहिले दोन वर येतात. हिशेब दरवर्षीचा, जुनी पुण्याई इथे चालत नाही. ब्रिटन 2017 मध्ये तिसऱ्या पायरीवर होता, पण 2019 मध्ये थेट दिग्गजांसमोर उभा राहिला. तिथे फ्रान्सविरुद्ध 0-3 असा मागे पडूनही जादा वेळेत 4-3 ने जिंकला आणि टिकला. असा थरार फक्त शिडीच देते.

ऑलिम्पिकचं मात्र दार आहे, तेही चार वर्षांतून एकदाच उघडणारं. पुरुषांच्या 12 जागांपैकी एक यजमानाची, आठ जागतिक क्रमवारीवरून. क्रमवारीत चार वर्षांचे निकाल धरतात आणि जुन्या निकालांचं वजन कमी होत जातं. उरलेल्या तीन जागांसाठी पात्रता फेरी: चार-चार संघांचे तीन गट, आणि प्रत्येकातून फक्त पहिला आत. दुसरा आलात तर घरी!

क्रमवारी कधीकधी फारच निष्ठुर वाटते. स्लोव्हाकियाने 2022 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकलं, तरी 2026 साठी त्यांना पुन्हा पात्रता फेरी खेळावी लागली. 2024 मध्ये ब्रातिस्लाव्हात ते ती जिंकले, हे बरं झालं.

मला विचाराल तर न्याय्य शिडीच. पण एका वाईट आठवड्यात चार वर्षं वाया जाण्याची धास्ती बघायची असेल, तर पात्रता फेरीच बघावी.