व्हिएतनामचा नऊ दिवसांचा अभ्यासदौरा: एका खरेदीवालीच्या नजरेतून

पुरवठादाराच्या कारखान्यात गेले की मी आधी भंगाराचा डबा शोधते. सोळा वर्षं खरेदी विभागात काढल्यावर ही खोड लागतेच. स्वागताची खोली सगळ्यांचीच चकाचक असते, खरं काय ते डबा सांगतो. नोकरी सांभाळून एमबीए करणाऱ्या आमच्या ३८ जणांच्या बॅचबरोबर गेल्या नोव्हेंबरात व्हिएतनामला निघाले, तेव्हा दौऱ्याकडूनही माझी एवढीच अपेक्षा होती की डबा दाखवा. नऊ दिवसांत दोनदा दिसला. एकदा तर आयोजकांच्या नकळत.

सुरुवात वाईट झाली. रात्रभर विमानात अवघडून सकाळी साइगॉनला उतरलो (कागदावर हो ची मिन्ह सिटी, पण बोलण्यात साइगॉनच जास्त ऐकू येतं) आणि आंघोळी उरकून थेट हॉटेलच्या हॉलमध्ये तीन तासांचं व्याख्यान. १९८६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने आणलेलं 'दोइ मोइ', म्हणजे अर्थव्यवस्था बाजाराला खुली करण्याचं धोरण, १९९४ मध्ये उठलेली अमेरिकेची व्यापारबंदी, २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश. हे सगळं आधी वाचायला दिलेल्या कागदांत होतंच. मागच्या दोन रांगा झोपल्या, त्यात मीही होते. जाग आली ती जमिनीच्या मुद्द्यावर. तिथे खाजगी मालकीची जमीन हा प्रकारच नाही. जमीन सगळ्या जनतेची, सांभाळणार सरकार, आणि लोकांकडे असतो तो फक्त वापराचा हक्क. औद्योगिक वसाहतीत परदेशी कंपनीला प्लॉट मिळतो तो साधारण ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. 'मग बँक तारण काय घेते?' असं कुणीतरी विचारलं. तर त्या वापरहक्काचं प्रमाणपत्रच गहाण ठेवतात. ही पाच मिनिटं ऐकायला मी पुन्हा जाईन. उरलेलं विमानात वाचता आलं असतं.

माहितीपत्रकात 'सीईओंशी थेट संवाद' असं ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात तीनपैकी दोन ठिकाणी जनसंपर्क विभागातली हसतमुख मुलगी आणि कंपनीची फिल्म. दोन्हीकडे तीच ड्रोनने काढलेली दृश्यं, तेच ढोलताशे. फी मात्र आमच्या एका सत्राच्या फीइतकी, आणि ती अभ्यासक्रमाच्या फीत धरलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बिन्ह झुओंगकडे निघालो. हा पूर्वी वेगळा प्रांत होता, जुलै २०२५ पासून तो कागदोपत्री हो ची मिन्ह शहरातच आला आहे, पण बसला लागायचा तेवढा वेळ लागतोच. बुटांचा कारखाना. जगात बूट निर्यातीत चीनखालोखाल व्हिएतनाम, आणि नायकीचे निम्मे बूट इथे बनतात, एवढं आम्ही पाठ करून आलो होतो. लाइनच्या तोंडाशी पांढरा फळा. तासाचं उद्दिष्ट १२० जोड, शेजारी लाल पेनाने ११३, आणि त्यापुढे कारण लिहायचा रकाना कोरा. मी तिथेच रेंगाळले. आमचा गाइड 'चला मॅडम, चला' करत होता. मागच्या बाजूला जाळीदार कापडाचे रोल रचलेले होते आणि प्रत्येक रोलच्या लेबलवर चिनी अक्षरं. सोलचे खोके बघितले, त्यांच्यावरही तीच. हाच माझा भंगाराचा डबा.

प्रश्नोत्तरांत विचारलं की बुटाच्या किमतीतला किती भाग खरोखर इथला? दुभाष्याने विचारलं तसे मॅनेजर हसले. म्हणाले, 'हा प्रश्न सध्या वॉशिंग्टनही विचारतंय.' एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने व्हिएतनामच्या मालावर ४६ टक्के आयातशुल्क जाहीर केलं, जुलैमध्ये ते २० वर आणलं, पण दुसऱ्या देशाचा माल इथून फिरवून पाठवला तर ४० ठेवलं. म्हणजे त्या लेबलवरच्या अक्षरांना तेव्हा थेट किंमत होती. मॅनेजरांनी आकडा सांगितला नाही, पण शिलाई, चिकटवणं आणि पॅकिंग इथलं, कापड बरंचसं बाहेरचं, एवढं कबूल केलं. वर्गात पुरवठा साखळीवर आठ तासिका झाल्या होत्या. त्या सगळ्या या एका उत्तरात बसल्या.

निघताना जेवणाची सुट्टी झाली होती. डबे आटोपले, दिवे मालवले, आणि मशीनखाली पुठ्ठे पसरून बायका आडव्या झाल्या. दुपारची डुलकी तिथे ऑफिसांतही घेतात म्हणे. आम्ही ३८ जण चपला वाजू न देता बाहेर पडलो. कार्यक्रमात हे नव्हतं, म्हणूनच बहुधा दिसलं.

दुसरा डबा कॉफीचा. प्रकल्पासाठी आमच्या गटाला एक छोटे निर्यातदार मिळाले होते. रोबस्टा जातीची कॉफी, माल बुऑन मा थुओत या कॉफीच्या पट्ट्यातला. त्यांनी आमच्यासमोर फिन ठेवला, म्हणजे कपावर बसणारी ती छोटी पत्र्याची गाळणी. थेंब पडायला वेळ लागतो, त्यामुळे माणूस बोलतो. २०२३ मध्ये त्यांनी किलोला ६० हजार डोंगच्या (डोंग म्हणजे तिथलं चलन) आसपास करार केले होते. मार्च २०२४ मध्ये भाव एक लाखाच्या वर गेला. दलालांनी फोन उचलणं सोडलं. माल दुसरीकडे गेला, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळायला यांनी चढ्या भावाने खरेदी केली. भाव का चढला, तर दुष्काळ हे एक कारण, आणि दुसरं ड्युरियन. २०२२ मध्ये चीनने व्हिएतनामच्या ताज्या ड्युरियनला दार उघडलं, तसे कित्येक शेतकरी कॉफी काढून त्या काटेरी फळाकडे वळले. मला माझे दोन पुरवठादार आठवले, नावं घेत नाही.

आमच्या गटाने मात्र त्यांना ४१ स्लाइड्स दाखवल्या. ब्रँड, पॅकिंग, इन्स्टाग्राम. शेवटी त्यांनी एकच विचारलं: शेतकऱ्याला आगाऊ पैसे देऊन बांधू, की तोडणीच्या दिवशीचा बाजारभाव देऊ? आमच्याकडे उत्तर नव्हतं. चूक आमचीही आहे, पण निर्यातदाराशी पहिली भेट चौथ्या दिवशी आणि सादरीकरण सहाव्या दिवशी, हे वेळापत्रक कुणी आखलं? दौऱ्याआधी महिनाभर त्यांच्याशी दोन कॉल ठेवले असते तरी भागलं असतं.

हनोईचे दोन दिवस म्हणजे सहल. जुन्या शहरातली अंड्याची कॉफी छान, खोटं कशाला बोलू. हनोईजवळच्या बाक निन्हचा 'इलेक्ट्रॉनिक्स कारखाना' म्हणजे एक बैठकीची खोली आणि काचेतून दिसणारं पार्किंग.

मोकळ्या संध्याकाळी आम्ही चौघी साइगॉनच्या मेट्रोने बेन थान्हपासून सुओइ तिएनपर्यंत गेलो. १९.७ किलोमीटर, १४ स्थानकं. काम सुरू झालं २०१२ मध्ये, गाडी धावली डिसेंबर २०२४ मध्ये. सोबत स्थानिक विद्यापीठातली एक विद्यार्थिनी होती. उशीर, जपानी कर्ज, रस्त्यावरच्या दुकानदारांची बारा वर्षं, हे सगळं तिने खिडकीतून बोट दाखवत सांगितलं. आयोजकांनी हिलाच पहिल्या दिवशी माइक द्यायला हवा होता.

पाचपैकी तीन. जाणार असाल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारा: प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथे माल बनतो तिथे, किती तास, समोर बोलणारा माणूस कोणत्या हुद्द्याचा, प्रकल्पाच्या कंपनीशी पहिला संपर्क कधी. आमच्या दौऱ्यात शॉप फ्लोअर मोजून अडीच तास होता, बस २३ तास. हो, मी मोजले.

आणि नोटा नीट बघा. २० हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही निळ्या. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने शहाळ्याला पाच लाखांची दिली. शहाळेवालीने नोट तिच्या नाकासमोर धरली, मान हलवली आणि पर्समधून योग्य ती स्वतःच काढून घेतली.