चार फुटी रीफ टाकी, चिपळूण ते रत्नागिरी: नऊ महिने आणि दोन बिजागऱ्या

ऑगस्टमधल्या एका रात्री अडीचच्या सुमारास हॉलमध्ये धाडकन आवाज झाला. मला वाटलं, टाकी फुटली. साडेचारशे लिटर खारं पाणी तिसऱ्या मजल्यावरून कुणाकुणाच्या घरात उतरेल याचा हिशेब बिछान्यापासून हॉलपर्यंतच्या बारा पावलांत झाला होता. टाकी जागेवर होती, मासे झोपलेले. पडलं होतं खालच्या कपाटाचं दार. वरच्या बिजागरीचा अर्धा तुकडा फळीला लटकत होता, तो हातात घेतला तर भुईमुगाच्या टरफलासारखा चुरला.

हा अनुभव मी जुलैत लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

रीफ टाकी म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळायची टाकी. माझी तीच, हल्ली बहुतेक जण घेतात ती: ४ बाय २ बाय २ फूट, १२ मिलिमीटर काच, मागे पाणी खाली सोडणारा ओव्हरफ्लो, खालच्या कपाटात संप म्हणजे ते पाणी जमा होणारी छोटी टाकी, पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर वेगळ्या कपात काढणारा स्किमर. मुंबईच्या एका दुकानदाराकडून, पोचवण्यासकट. बाकीचं माहितीपत्रकात आहे. त्याच पत्रकात 'स्टेनलेस स्टील हार्डवेअर' असंही छापलंय, त्यावर येतोच.

आधी घर बदलण्याबद्दल. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझी पहिली टाकी तळमजल्यावर होती. खाऱ्या पाण्यातले मासे गोड्या पाण्याच्या पुरात गेले. लोकांचं त्याहून फार मोठं गेलं, म्हणून त्याबद्दल एवढंच. नंतरची टाकी दोन फुटी, सव्वाशे लिटरची, वरच्या मजल्यावर. या फेब्रुवारीत रत्नागिरीत स्वतःचा फ्लॅट झाला आणि मी घरात जाहीर केलं की एवीतेवी टाकी हलवायचीच आहे, तर मोठीच घेऊ. बायको म्हणाली, "हलवायचा तर फ्रिजही आहे." फ्रिज जुनाच आला.

एक गोष्ट डोक्यानं केली. नवी टाकी आम्ही राहायला जायच्या १५ दिवस आधीच नव्या घरात लावली. पाणी, काच, दगड मिळून सहाशे किलोंच्या वर भार होतो, त्यातली नुसती काचच ९० किलो. म्हणून ती हॉलच्या मधोमध न ठेवता खाली बीम आहे त्या भिंतीला लावली, बिल्डरच्या माणसाला विचारून. बायकोला तिथे शोकेस हवी होती. शोकेस बेडरूममध्ये गेली.

पाणी आधीपासून फिरत असल्यामुळे राहायला जायच्या दिवशी हलवायचे होते फक्त दगड, कोरल आणि मासे. नव्याने करणाऱ्यांसाठी सांगतो: जुनं पाणी डोक्यावर घेऊन फिरू नका. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात नसल्यातच जमा, ते दगडांवर असतात. दगड ओले ठेवा. मी मासळी बाजारातून थर्मोकोलचे खोके आणले, आत नव्या प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या, त्यात दगड टाकीच्या पाण्यात बुडवून. माशांच्या पिशव्यांत बॅटरीवरचा हवेचा पंप. टेम्पोवाला दादा एरवी मासळीच वाहतो. त्यानं खोके बघून विचारलं, "बर्फ कुठे भरायचा?" मासे जिवंत न्यायचेत म्हटल्यावर त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा समुद्र असतो त्या दिशेला बघितलं.

पहाटे चारला निघालो. नव्वद किलोमीटरला साडेतीन तास. हायवेचं काम आणि डायव्हर्जन इथल्या माणसाला समजावून सांगायला नकोत. संगमेश्वरच्या पुढे एका खड्ड्यात खोका उडाला तेव्हा माझा जीव वर गेला, पण क्लाउनफिशची जोडी, क्लीनर कोळंबी आणि गोगलगायी सगळ्या सुखरूप पोचल्या.

कंजूषपणा नडला तो वाळूत. जुनी वाळू फुकट का घालवायची म्हणून दोन बादल्या सोबत आणल्या होत्या. गॅलरीत धुवायला घेतली आणि कुजक्या अंड्यांचा असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी गॅस बंद आहे का ते तपासलं. खालच्या थरात हवा पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो. ती वाळू तशीच नव्या टाकीत ओतली असती तर तीन वर्षांचे मासे तीन तासांत गेले असते. नवी वाळू घेतली. पैसे गेलेच, वर काकूंना नारळ द्यावा लागला.

अमोनिया तीन दिवस ०.२५ दाखवत राहिला, मग शून्य. दुसऱ्या आठवड्यापासून काचेवर तपकिरी शेवाळ, ते महिनाभर. नवीन टाकीत येतंच, औषधं ओतू नका.

आता पाणी. आईचा पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न: "मेल्या, समुद्र खिडकीतून दिसतोय आणि तू पुडीतलं मीठ विकत आणतोस?" प्रश्न रास्त आहे, मलाही पैसे टोचतातच. एवढी टाकी भरायला १५ किलोच्या आसपास मीठ लागतं, आणि ते स्वयंपाकाचं नव्हे. म्हणून मार्च ते मे मिरकरवाड्यातल्या एका मित्राच्या बोटीवरून पाणी आणवलं. बंदरातलं नाही, तिथे डिझेलचा तवंग असतो. बारा वाव खोलीवरचं. घरी आणून गाळायचं, झाकून दोन आठवडे अंधारात ठेवायचं. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात मोजलेली) १.०२५, अगदी हवी तशी, आणि पडले फक्त कॅन धुवायचे कष्ट. १ जूनला मासेमारी बंद झाली आणि माझी फुकट सोयही संपली. जुलैत भाट्याच्या किनाऱ्यावरून हौसेनं एक बाटली भरून मोजली, १.०१२. काजळी नदीनं अर्धा समुद्र गोडा केलेला, वर चहासारखा गढूळ. आईला बाटली दाखवली. ती म्हणाली, "मग पावसाळ्यात समुद्रातले मासे काय करतात?" ते खोल जातात, माझ्या माशांना दोन फुटांखाली जागा नाही, असं सांगितलं. पटलं असावं, कारण विषय चकलीच्या भाजणीवर गेला.

मोठ्या टाकीचं खरं सुख कळलं ते मे महिन्यात. दोन फुटी टाकी चिपळूणला दुपारी २६ वरून ३० वर जायची, मी ऑफिसातून फोन करून बायकोला बर्फाची बाटली सोडायला लावायचो. साडेचारशे लिटर पाणी तापायलाच अर्धा दिवस घेतं. एक चूक मात्र केली. चिलरचे पैसे वाचवायला वर चार पंखे लावले, पुण्याच्या एका हौशी माणसाचं ऐकून. पंख्यानं पाणी थंड होतं ते बाष्पीभवनानं. पुण्याची हवा कोरडी, तिथे दोन-तीन अंश उतरत असतील. इथे हवाच घामाघूम, पाणी उडणार कुठे? पाऊण अंश उतरला आणि पंख्यांच्या बेअरिंगमध्ये मीठ बसलं. २० मेला चिलर आणला. तो टाकी २६ वर ठेवतो आणि हॉल ३३ वर. सगळं मिळून महिन्याला १८० युनिटच्या आसपास वाढली. बिल मी ऑनलाइन भरतो, घरी सांगत नाही.

स्किमर. माझ्या वहीत नोंद आहे: 'स्किमर टाकाऊ, कपात नुसतं पांढरं पाणी, पैसे वाया.' आत्ता हे लिहिताना त्याचं मॅन्युअल पुन्हा उघडलं. त्यात संपमधली पाण्याची पातळी ७ इंच सांगितलीय. माझी १० होती. लिहिणं थांबवून खाली तीन इंचांचा स्टँड सरकवला आणि दोन दिवसांनी उरलेलं लिहायला बसलोय. कपात काळपट, वास मारणारी घाण आलीय, म्हणजे हवी तीच. स्किमर उत्तम आहे. नऊ महिने मी त्याला शिव्या दिल्या.

लाईट जाण्याचं एक सांगायलाच हवं. पंप बंद पडला की रिटर्न पाइपातून पाणी उलटं खाली येतं, टाकीतलं वरचं इंचभर सगळं संपमध्ये. मी संप गळ्यापर्यंत भरला होता, जास्त पाणी तेवढं स्थैर्य म्हणून. वळवाच्या पहिल्याच वादळात लाईट गेली आणि २० लिटर पाणी नव्या टाइल्सवर. पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडा, हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. संप मोकळा ठेवा. टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर टाका. माशांना अंधार चालतो, थांबलेलं पाणी चालत नाही.

कोरल छान आहेत. मी मऊ प्रकारच ठेवतो: लेदर, झोआ, मशरूम. लेदर नऊ महिन्यांत तळहाताएवढा होता तो ताटलीएवढा झाला. मालवणहून एखादा प्रवाळाचा दगड उचलून आण की, असं सांगणारे नातेवाईक प्रत्येकाला असतात. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. हे ऐकवलं की नातेवाईक गप्प होतात.

आता बिजागरी.

दार पडलं त्या रात्री मी टॉर्च लावून दुसरी बघितली. वरची चकचकी पापुद्र्यासारखी सुटलेली, आत लाल गंज. स्टेनलेसला असं होत नाही म्हणून काच पुसायचं चुंबक बाहेर काढलं आणि बिजागरीला लावलं. टप्पकन चिकटलं. लोखंडाला मुलामा! दीड लाखाच्या वस्तूला वीस-तीस रुपयांच्या बिजागऱ्या, त्याही संपच्या बरोबर वर, जिथे दिवसरात्र खारे तुषार उडतात.

सकाळी दुकानदाराला फोटो पाठवले. तो म्हणाला, "सर, वॉरंटी कार्ड बघा." कार्डावर बारीक अक्षरात: खारे पाणी, क्षार किंवा दमट हवा यांमुळे आलेला गंज वॉरंटीत धरला जाणार नाही. मी विचारलं, "शेठ, तुम्ही खाऱ्या पाण्याचीच टाकी विकता ना?" तो म्हणाला, "सर, वॉरंटी टाकीवर आहे." म्हणजे गोड्या पाण्याचे मासे पाळले असते तर बिजागरी बदलून मिळाली असती. मग म्हणाला, तुम्ही समुद्राजवळ राहता ना, तिथे असंच होतं. मी मोजून सतरा मेसेज केले. ऑफिसात एका दुपारी काम सोडून स्टेनलेसच्या जाती वाचत बसलो होतो: ३०४ ला खाऱ्या हवेत कालांतराने टाचणीएवढे खड्डे पडतात, ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ती टिकते.

आई म्हणाली, आजोबांच्या घराला पितळी बिजागऱ्या आहेत, नव्वद वर्षांत हललेल्या नाहीत, तशाच लाव. मी बाजारातून पितळी आणल्याही. स्क्रू हातात घेतला आणि आठवलं, पितळेत तांबं असतं. तांब्याचा अंश संपमध्ये टपकत राहिला तर आधी कोळंबी मरणार, मग गोगलगायी, मग कोरल. पितळी बिजागऱ्या देवघराच्या दाराला लागल्या. शेवटी मिरकरवाड्याच्या मित्रानं बोटीचं सामान मिळतं तिथून ३१६ च्या दोन आणून दिल्या, जोडी ३८० रुपयांना. चुंबक लावून बघितलं, घसरून पडलं. दहा मिनिटांत दार लागलं. तीन महिने झाले, डाग नाही.

पाचपैकी साडेतीन. काच, जोड, ओव्हरफ्लो यांबद्दल एका शब्दाची तक्रार नाही, चिलर घेतल्यापासून झोपही लागते. दीड गुण बिजागरीचा. खूप कापले असं वाटत असेल तर अडीच वाजता दार पाडून बघा.

गेल्या आठवड्यात दुकानदाराकडून कुरिअर आलं, 'सद्भावना म्हणून' दोन नव्या बिजागऱ्या. पाकीट फोडायच्या आधीच वरून चुंबक लावलं. पाकिटासकट उचलल्या गेल्या. परत पाठवायला कुरिअरवाला १२० रुपये सांगतो, ते मी देणार नाही. आईनं त्या खिळ्यांच्या डब्यात टाकल्यात.